बुधवारी आलेला सोमवार

बुधवारी सव्वानऊला फोन वाजला तेव्हा मशीनबाईच्या हातात एकोणीस पत्रं होती, आणि तिचं डोकं आधीच तापलेलं होतं.

पत्रं आदल्या दुपारपासून प्रिंटरच्या ट्रेमध्ये पडलेली होती. सगळ्यांवर एकच मजकूर. गेले सात दिवस आपण परवानगीविना गैरहजर असल्यामुळे आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात आले आहे. नाव आणि खातं तेवढं प्रत्येकावर वेगळं. तिनं पहिली तीन भराभर चाळली, आणि चौथ्यावर तिचा हात थांबला. चौथं तिच्या सख्ख्या दिराचं होतं.

"ताई, कार्ड चालत नाही म्हणतात." फोनवर जाऊ होती, दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी. मागे कोणीतरी नंबर पुकारत होतं. "कारखान्याच्या यादीत यांचं नावच नाही म्हणे. मी म्हटलं, असं कसं होईल, काल तर दाखल करून घेतलंत. तर ती बाई म्हणते, काल सकाळी होतं, दुपारच्या यादीत नाही."

"ऑपरेशन अकरालाच ना?"

"हो. पण पावणेअकरापर्यंत नाव दिसलं नाही तर पुढच्या पेशंटला आत घेणार. पुढची तारीख सात आठवड्यांनी." जावेचा आवाज बारीक झाला. "डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत, ताई."

ऐकलं होतं. दीर ह्याच कारखान्यात टर्नर होता. कारखाना कुलुपांचा, आणि कुलुपांचे साचे करणारी मोठी लेथ त्याच्या हाताखाली. दहा दिवसांपूर्वी एक साचा घसरून त्याच्या टाचेवर पडला आणि हाडाचे चार तुकडे झाले. सूज उतरेपर्यंत थांबलो, आता आणखी थांबलो तर हाड वाकडंच जुळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. वाकड्या टाचेवर आठ तास लेथपुढे उभं राहता येत नाही. आणि ह्या माणसाला लेथपुढे उभं राहण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, वहिनी वहिनी करत पदराला धरून फिरायचा. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून घरातला मोठा माणूस म्हणजे हाच.

"तू खिडकी सोडू नकोस," ती म्हणाली. "पावणेअकराच्या आत नाव येईल."

फोन ठेवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हे कोणी केलं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिच्या खोलीतलं मशीन, म्हणजे कारखान्याचा कॉम्प्युटर, दोन कपाटांएवढं होतं. मोठ्या बँकांत असतात तसं अख्खा हॉल अडवणारं नव्हे आणि टेबलावर मावणारंही नव्हे, मधलं. सगळ्या कारखान्याचा माल, मागण्या, हजेरी, सगळं त्याच्या पोटात. दर सोमवारी सकाळी सातला ते बंद करून पुन्हा चालू करायचं. चालू झालं की ते कोणाला न विचारता अकरा कामं एकामागून एक सोडायचं. ही अकरा कामांची यादी बावीस वर्षांपूर्वी मास्तरांनी लिहिली होती. मास्तर म्हणजे कारखान्याचे पहिले प्रोग्रामर, ज्यांनी तिला हे सगळं शिकवलं. यादीतलं तिसरं काम, सात दिवस हजेरी नसलेल्यांची नावं कमी करायची. अकरावं काम, उरलेल्यांची यादी फोनच्या लाइनवरून दवाखान्याला पाठवायची.

मास्तरांचा हिशेब साधा होता. मशीन फक्त सोमवारी सुरू होतं, म्हणजे सुरू झालं की सोमवार. मशीनला कॅलेंडर कळत होतं, पण आज वार कोणता हे त्याला विचारायचं मास्तरांनी मनावर घेतलं नव्हतं. ते कधीही उठवा, डोळे चोळत सोमवारच आहे असं समजून कामाला लागायचं.

आणि रजेवरची माणसं? त्यांची नावं जाऊ नयेत म्हणून प्रत्येकापुढे एक खूण करावी लागे. ती खूण मशीनबाई दर सोमवारी पावणेसातला रजेचं रजिस्टर समोर ठेवून हातानं करायची. तिसरं काम खूण बघून त्या माणसाला सोडून द्यायचं, आणि जाताजाता खूण पुसून टाकायचं. पुढच्या सोमवारी नवी खूण. मध्येच वीज गेली, मशीन पुन्हा सुरू करावं लागलं, तर सुरू करण्याआधी खुणा पुन्हा करायच्या हे तिला ठाऊक होतं. तिलाच ठाऊक होतं. अकरा वर्षांत ती ह्या खोलीतून एक दिवस हलली नव्हती, तर अडलं कोणाचं होतं?

काल हलली. मंगळवारी दुपारी अर्धी रजा टाकून दिराला दाखल करायला गेली. आणि नेमकं तेव्हाच बटणसाहेबांना प्रिंटरचा राग आला.

बटणसाहेब म्हणजे नवे व्यवस्थापक, येऊन तीन महिने झालेले. हे नाव त्यांना कामगारांनी दिलं होतं, कारण काहीही बिघडलं की त्यांचं औषध ठरलेलं, बंद करून चालू करा. पंखा घरघरला, बंद करून चालू करा. दोन फोरमन भांडले तेव्हा हे त्यांनाही बंद करून चालू करणार, असं कँटीनमध्ये म्हणत. आपल्या टेबलावरून मशीन बंद करून चालू करायची सोय त्यांनी पहिल्याच आठवड्यात करून घेतली होती, वापरली मात्र काल पहिल्यांदा. काल कागद अडकला प्रिंटरमध्ये आणि ह्यांनी उठवलं मशीनला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. खुणा सोमवारीच पुसल्या गेलेल्या. मशीननं मंगळवारी दुपारी दुसरा सोमवार साजरा केला आणि एकोणीस माणसं हजेरीपटावरून उतरवली. त्यात बाळंतीण झालेली पॅकिंगमधली बाई होती, क्षयाचे उपचार घेणारा रखवालदार होता आणि टाचेचे चार तुकडे झालेला तिचा दीर होता.

तिनं पत्रं एकदम फाडली. एकोणीस कागद एका वेळी फाटत नाहीत, म्हणून दोनदा फाडावी लागली. त्यानं अंगातली रग जरा उतरली. मग रजेचं रजिस्टर ओढून ती बसली. एकेक नाव उघडायचं, 'कमी' असं लिहिलेलं काढून पुन्हा 'हजेरीवर' करायचं, खात्याचा नंबर ताडून बघायचा. घाईत एक आकडा चुकला की भलताच माणूस कामावर यायचा. नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी एकोणिसावं नाव झालं. अकरावं काम तिनं हातानं सोडलं. सहाशे नावं लाइनवरून जायला बारा मिनिटं लागत.

साहेबांना जाऊन सांगायला हवं होतं की आता मशीनला हात लावू नका. हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण त्या खोलीत पाऊल टाकलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं याचा तिला भरवसा नव्हता. असल्या माणसाला समजावत बसायला मला वेळ नाही, असं स्वतःशी म्हणून ती पडद्याकडे बघत बसली.

पाचशे बाराव्या नावावर पडदा काळा झाला.

क्षणभर तिला काही कळेचना. मग मशीनचे पंखे मंदावत गेले, थांबले आणि पुन्हा घरघरायला लागले. बटणसाहेबांनी आज पुन्हा औषध दिलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात दहाला दोन कमी होते. आता मशीन अकराच्या अकरा कामं पहिल्यापासून करणार, त्याला चाळीस मिनिटं. त्यातलं तिसरं काम एकोणीस नावं पुन्हा पुसणार आणि अकरावं काम ती पुसलेली यादी मोठ्या इमानानं दवाखान्याला पाठवणार.

एकच वाट होती. मशीनच्या पुढच्या पट्टीवर चावीचं भोक होतं. चावी 'आपोआप'वर असली की मशीन उठून मनाला येईल ते करायचं. 'हाताने'वर फिरवली की नुसतं जागं व्हायचं आणि पुढे काय करू म्हणून विचारायचं. नुसतं जागं व्हायला दहा-बारा मिनिटं पुरत. पण भोक रिकामं होतं. महिन्यापूर्वी साहेबांनी चावी काढून नेली होती. मशीनच्या तोंडाला चावी लावून ठेवता, उद्या कोणी फिरवली तर, असं म्हणाले होते. बावीस वर्षांत कोणी फिरवली नव्हती.

ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा दार उघडायची वाट बघितली नाही आणि लोटलेलं दार भिंतीवर आपटलं तेही बघितलं नाही.

"चावी द्या."

साहेब प्रिंटरच्या पुस्तकातून मान वर काढून म्हणाले, "कसली चावी? बाई, आधी बसा तर खरं."

"मशीनची. आत्ता."

"असं कसं? चावी हवी असेल तर कारण लिहून द्या. मी वर विचारतो. काही पद्धत आहे का नाही?"

"पद्धत?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि बाहेरच्या टेबलांवरचे टंकलेखनाचे आवाज बंद झाले. "काल तुम्ही बटण दाबलंत तेव्हा एकोणीस माणसांची नोकरी गेली. त्यात माझा दीर आहे. तो आत्ता स्ट्रेचरवर पडलाय आणि तुमच्या ह्या यादीत नाव नाही म्हणून त्याला आत घेत नाहीयेत. सकाळपासून बसून मी ती नावं परत लावली, आणि तुम्ही परत दाबलंत. एका कागदासाठी. बावीस वर्षं काढलीत मी ह्या मशीनबरोबर, पण माणसाला इतका उतावळा हात असतो हे मला तुम्ही शिकवलंत."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. "नोकरी गेली? मशीन चालू केल्यानं?"

"चावी."

"पण मला कोणी सांगितलं होतं का, की हे बटण दाबलं की माणसं जातात?"

"चावी द्या, साहेब. बोलायला दिवस पडलाय."

त्यांनी खण उघडला. चावी तिच्या हातात पडली तेव्हा दहा वाजून आठ मिनिटं झाली होती. ती पळतच सुटली. पन्नाशी उलटलेली बाई ऑफिसच्या बोळातून पळताना बघून लोक भिंतीला चिकटले. मागून साहेबही येत होते हे तिला खोलीत शिरल्यावर कळलं.

तिनं चावी घातली, 'हाताने'वर फिरवली आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा पंखे थांबले, पुन्हा फिरले. ती उभीच राहिली. साहेबही उभे राहिले. दहा वाजून बावीस मिनिटांनी पडद्यावर एक ओळ आली, सुरुवातीची यादी चालवायची का? एरवी न विचारता अकरा कामं सोडणारं हे धूड कसं निमूट थांबलं होतं. तिनं 'नाही' दाबलं. पण चावी फिरायच्या आधीच तिसरं काम उरकलं होतं, एकोणीस नावं पुन्हा गेली होती.

"काय करू ते सांगा," साहेब म्हणाले.

तिला वाटलं, म्हणावं, बाहेर जा. पण घड्याळ दिसत होतं. तिनं रजिस्टर त्यांच्या हातात कोंबलं. "नंबर वाचा. एकेक. चुकलात तर दुसऱ्याच माणसाचं नाव लागेल."

साहेब वाचू लागले. सावकाश, आकडा आकडा तोडून, शाळेत पाढे म्हणावेत तसे. वाचून झालं की एकदा पुन्हा. पॅकिंगवाली बाई, रखवालदार, मोल्डिंगचे दोघे. दिराचा नंबर आला तेव्हा एक आकडा दोनदा पडला. तो तिनं पुसला आणि पुन्हा मारला. दहा एकतीसला एकोणीस झाले. लाइन हातानं जोडली, अकरावं काम तेवढं सोडलं. बाकी दहा जागच्या जागी बसून राहिली.

नावं जाऊ लागली. शंभर. दोनशे. टर्नरांचं खातं यादीच्या शेपटाला होतं, हे आजच नेमकं तिच्या मुळावर आलं. साहेबांनी एकदा खिशातून रुमाल काढला आणि तिनं असं काही बघितलं की त्यांनी पुन्हा आत घातला, जणू रुमालानंही मशीन बंद पडेल. दहा त्रेचाळीसला सहाशेवं नाव गेलं.

फोन दोन मिनिटांनी वाजला. "ताई, आलं नाव." जाऊ रडत होती. "नेलं त्यांना आत."

मशीनबाई खुर्चीत बसली. साहेब आपल्या खोलीत परतले. चावी भोकातच राहिली.

एवढ्यावर तिचा राग संपायला हवा होता. संपला नाही. दुपारभर ती मनातल्या मनात साहेबांना सोलत होती. पण मधूनच त्यांचं ते वाक्य यायचं, मला कोणी सांगितलं होतं का, आणि तिचं भांडण तिथेच अडायचं. तीनच्या सुमारास तिनं स्वतःच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला. जुन्या डायऱ्यांच्या खाली एक पिवळा पडलेला कागद होता. कागद तिच्याच अक्षरातला होता.

निवृत्त होताना मास्तर तिला म्हणाले होते, "माझी एक चूक राहिलीय. ते नावं कमी करायचं काम सुरुवातीच्या यादीतून काढून तारखेला बांधायला हवं, आणि रजा थेट त्याला वाचू द्यायची. साहेबांना लिहून दे, पुढचा प्रोग्रामर अर्ध्या दिवसात करेल." ती 'देते' म्हणाली होती. लिहिलंही होतं. विनंती, कारण, खाली सही आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख. दिलं नव्हतं.

का दिलं नव्हतं? विसरली असती तर बरं झालं असतं. विसरली नव्हती. सोमवारी पावणेसातला तिच्या दाराबाहेर बाकावर लोक येऊन बसत. बाई, माझी आई आजारी आहे, खूण तेवढी करा. बाई, लक्षात आहे ना. फोरमनसुद्धा तिच्यापुढे टोपी काढून बोलत. नवरा गेल्यावर त्या बाकानंच तिला उभं धरलं होतं. ते काम अर्ध्या दिवसात मशीनकडे गेलं असतं तर मशीनबाईला विचारलं कोणी असतं?

पाचला ती दवाखान्यात गेली. दीर गुंगीत होता, पाय प्लास्टरमध्ये, तोंडावर शांत झोप. जाऊ शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "आमच्या ताई होत्या म्हणून झालं बघा. त्या साहेबाला असा काही हाणला म्हणे शब्दांनी, सगळा कारखाना ऐकत होता."

"पुरे," मशीनबाई म्हणाली.

"पुरे काय? खरंच तर आहे."

"खरं नाहीये." ती खाटेच्या कडेला बसली, आणि कागदाची सगळी गोष्ट सांगून टाकली. बाकाचीसुद्धा. सांगताना तिनं जावेकडे बघितलं नाही, दिराच्या प्लास्टरकडे बघत सांगितली.

तिची जाऊ गरीब स्वभावाची. अठरा वर्षांत ती मोठ्या जावेला उलट शब्द बोलली नव्हती. तिनं चादरीची कड सरळ केली. मग म्हणाली, "म्हणजे काल तुम्ही आमच्याबरोबर इथे आलात, म्हणून यांचं नाव गेलं."

"हो."

"आणि काल तुम्हाला गाडीनं उडवलं असतं तर? आज त्या खुर्चीत कोण बसलं असतं, ताई? मी त्या खिडकीपाशी उभीच राहिले असते ना." तिचा आवाज चढला आणि शेजारची बाई भिंतीकडे वळली. "तुमच्या बाकावर बसायला आम्ही कधी आलो नव्हतो. तुम्ही घरच्याच, म्हणून."

आपलेच दात, आपलेच ओठ.

गुरुवारी सकाळी तिनं तो पिवळा कागद बटणसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "तारीख चुकलीय का, बाई?"

"नाही. तीच आहे."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. बोलायला त्यांच्यापाशी बुधवारचं सगळं व्याजासकट होतं, आणि ती ऐकून घ्यायला तयारही होती. ते म्हणाले, "आजच करून घेऊ." हे तिला चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

बाहेरचा प्रोग्रामर आला आणि त्यानं खरंच अर्ध्या दिवसात केलं. सुरुवातीच्या यादीतून तिसरं काम निघालं, तारखेला बांधलं गेलं, रजा त्याला थेट वाचता येऊ लागल्या. मग तिनं चावी 'आपोआप'वर फिरवली. साहेब टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि बोळातून ओरडून त्यांनी विचारलं, "दाबू का?"

"दाबा," ती म्हणाली.

मशीन पडलं, उठलं, आपली दहा कामं करून बसलं. तिनं एकोणीस नावं एकेक करून उघडून बघितली. सगळी जागच्या जागी होती.

सोमवारी पावणेसातला बाक रिकामा होता. कामगारांना नोटीस लागली होती, आता रजेचा अर्ज दिला की पुरे. ती दाराशी उभी राहून तो बाक बघत राहिली, आणि अकरा वर्षांचा राग तिला एकदम आला, ज्याच्यावर यायला हवा होता त्याच्यावरच, म्हणजे स्वतःवर. मग आत जाऊन तिनं मंगळवारच्या पूर्ण रजेचा अर्ज भरला. दिराला घरी आणायचं होतं. सवयीनं तिनं रजिस्टर ओढलं, आपलं नाव काढलं, आणि खूण करायला हात गेला.

तिथे खुणेचा रकानाच राहिला नव्हता.